लहान मूल आणि पक्षीनिरीक्षण : छंद पाच वर्षं बासनात बांधून ठेवायचा का?

सायली_कोथरूड

मुलगी अडीच वर्षांची आहे. ती व्हायच्या आधी बहुतेक रविवारी पहाटे मी दुर्बीण गळ्यात अडकवून घराबाहेर असायचे, कधी सिंहगडाची दरी, कधी कवडी पाट, काहीच ठरलं नाही तर वेताळ टेकडी. आता घरी, माहेरी, ऑफिसात सगळ्यांचं एकच म्हणणं, "पाच-सहा वर्षं विसर आता, ती शाळेत रुळली की जा." मला हे पटत नाही. पाच वर्षांनी शाळा, क्लास, स्पर्धा असं काहीतरी असणारच आहे आणि तेव्हाही कोणीतरी "जरा थांब" म्हणणारच आहे. शिवाय मला असं वाटतं की आईला कशाततरी मनापासून रमलेलं बघणं हे मुलांना मिळायला हवं. त्यासाठी मी काही मोठं करत नाहीये. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी एक उंबर आहे, फळं धरली की त्याच्यावर नुसती जत्रा असते. सकाळी साडेसहाला ती उठतेच, तर आम्ही दोघी साडेसातपर्यंत तिथे. तांबट, कोकिळा, साळुंक्या, बुलबुल. तांबटाचा टुक-टुक आवाज आला की ती मान वर करून शोधते, दिसत नाही, मग मला शोधायला लावते.

पण खरं सांगायचं तर उंबराखाली माझं पूर्ण समाधान होत नाही. मला पाणथळ जागा हव्यात, हिवाळी पाहुणे हवेत. म्हणून विचारतेय. पुण्याच्या आसपास मुलाला घेऊन जाता येतील अशा सपाट आणि सावलीच्या जागा कोणत्या, उजनी धरणाच्या पाण्यावरचं भिगवण इतक्या लहान मुलीला झेपेल का, तिच्यासाठी वेगळी दुर्बीण घ्यावी का, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तुमचे छंद (पक्षीच असं नाही, कुठलेही) मुलं लहान असताना कसे चालू ठेवलेत?

---

टेकडीवाला

चांगला धागा. जागांबद्दल आधी लिहितो.

पाषाण तलाव सगळ्यात सोपा. बंधाऱ्याच्या बाजूने चालायला वाट आहे. जलपर्णीने तलावाची वाट लावली आहे हे खरंच, पण लहान मुलांना त्याच जलपर्णीवर चालणारी जांभळी पाणकोंबडी दुर्बिणीशिवाय दिसते. एवढी मोठी, निळी-जांभळी, लाल चोच, लांब लाल पाय. अडीच वर्षांच्या मुलीला दाखवायला याहून चांगला पक्षी नाही. पिवळ्या-करड्या चिमुकल्या वटवट्यांच्या मागे तिला लावू नका, ते मोठ्यांनाही ओळखता येत नाहीत.

वेताळ टेकडीला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने गेलात तर गाडी बरीच वर जाते आणि पुढचं चालणं फार चढाचं नाही. मोर हमखास ऐकू येतात, बऱ्याचदा दिसतातही. फक्त पायवाट सोडून गवतात नेऊ नका आणि सँडल नको, बूट घाला. टेकड्यांवर घोणस आहेत. उन्हाळ्यात टिटव्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, दगडांसारखीच दिसतात, पायाखाली येऊ शकतात.

तिसरी जागा विद्यापीठाचा परिसर. मोठी जुनी झाडं, रविवारी सकाळी गाड्या कमी, आणि राखी धनेश दिसायची चांगली शक्यता. बाबागाडी चालते.

सिंहगडाची दरी मात्र मुलगी चार वर्षांची होईपर्यंत ठेवून द्या. ओढ्यातले दगड, मधे मधे उतार, आणि तिथली खरी मजा म्हणजे स्वर्गीय नर्तक किंवा नीलिमा हे पक्षी दिसेपर्यंत एका जागी गप्प बसणं.

---

मुग्धा_म

वाचतेय. माझा पण एक आहे पावणेतीनचा.

---

मिहीरचा_बाबा

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका सायलीताई.

मूल बरोबर असताना तुम्ही पक्षी बघत नाही, तुम्ही मूल बघत असता. ते बरोबरच आहे, बघायलाच पाहिजे, पाण्याकाठी तर डोळ्यात तेल घालून बघायला पाहिजे. पण मग त्याला छंद म्हणू नका, त्याला मुलीबरोबरची सहल म्हणा. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत पण वेगळ्या आहेत. मी गिर्यारोहण करायचो. मिहीर झाल्यावर बायकोने आणि मी सरळ वाटणी केली, महिन्यातला एक रविवार तिचा, एक माझा. त्या दिवशी दुसऱ्याने मूल पूर्ण सांभाळायचं, फोन करून "डायपर कुठे ठेवलेत" असं विचारायचं नाही. ती तिच्या कथक क्लासच्या मैत्रिणींबरोबर रियाजाला जाते, मी लोहगड, तिकोना असा कुठेतरी जातो. एकटा. संध्याकाळी घरी येतो तेव्हा मुलाशी खेळायला अंगात उत्साह असतो.

आईनेच मुलाला कडेवर घेऊन छंद करायचा आणि बाबाने मोकळं फिरायचं असं दिसतं आजूबाजूला, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. मुलीचा बाबा रविवारी सकाळी काय करतो?

---

सायली_कोथरूड

राग कसला. मुलीचा बाबा मर्चंट नेव्हीत आहे, बरेच महिने बोटीवर असतो. घरी असला की तो तिला सांभाळतो आणि मी एकटी जाते, अगदी तुम्ही म्हणता तसं. प्रश्न उरलेल्या महिन्यांचा आहे. सासूबाई असतात बरोबर, पण त्यांचे गुडघे दुखतात, तिच्यामागे पळणं त्यांना होत नाही.

---

मिहीरचा_बाबा

अच्छा. मग माझा मुद्दा निम्मा मागे घेतो. निम्मा तसाच आहे :)

---

लेन्सवाला

दुर्बिणीबद्दल.

दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तेवढा प्रकाश जास्त आणि वजनही जास्त. तुमच्याकडे बहुतेक ८×४२ असेल, पक्ष्यांसाठी तीच बरी. मूल कडेवर असेल तर मात्र एका हाताने धरावी लागते आणि तेव्हा ती जड होते. त्यासाठी ८×३२ चांगली, प्रकाश जरा कमी पण मनगट दुखत नाही. १०× च्या मागे लागू नका, हात हलला की चित्रही तेवढंच जास्त हलतं, आणि कडेवरचं मूल स्थिर बसत नाही. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे मिळतात ते घ्या, वाकलं की दुर्बीण मुलाच्या डोक्यावर आपटत नाही.

अडीच वर्षांच्या मुलीला खरी दुर्बीण नको. दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, मोठ्यांच्या दुर्बिणीत दोन्ही नळ्या जुळत नाहीत, एकाच डोळ्याने दिसतं आणि मुलं कंटाळतात. बाजारातली प्लॅस्टिकची खेळण्यातली दुर्बीण तर घेऊच नका, धुरकट दिसतं. पुठ्ठ्याच्या दोन नळकांड्या चिकटवून दोरी लावून द्या. तिला "आईसारखं" करायचं असतं, मोठं दिसायची गरज नसते. पाच वर्षांच्या सुमारास सहा पटीची हलकी दुर्बीण घ्या. आणि एक राहिलं, दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवा.

---

जेसीबीची_आई

माझ्या मुलाला पक्षी दाखवले. खंड्या दाखवला, वेडा राघू दाखवला, तारेवर ओळीने बसलेले. तो शांतपणे बघून म्हणाला, "आता जेसीबी." आमच्याकडे तीन वर्षांचा माणूस फक्त जेसीबी, रोड रोलर आणि सिमेंट मिक्सर बघतो. आम्ही रविवारी सकाळी मेट्रोचं काम बघायला जातो. सारसबागेजवळ पेशवे पार्कात फुलराणीत बसवलं तर उतरायलाच तयार नाही.

---

टेकडीवाला

जेसीबीची आई, फुलराणी १९५६ पासून आहे, माझे वडील बसलेत तिच्यात, मी बसलोय, मुलगी बसली. उतरायला कोणीच तयार नसतं.

---

अनुराधा_काकू

सायली, मी तुझ्या आईच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. आम्ही तुमच्यासारखं दुर्बीण लावून बघितलं नाही, पण मी खानदेशात वाढले, शेतावर. मृगाच्या आधी पावश्या ओरडायला लागला की आजोबा म्हणायचे ऐक, तो काय सांगतोय, "पेरते व्हा, पेरते व्हा." नांगरट झाली की बैलांच्या मागे बगळे. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे, खाली पडलेला एखादा मिळाला की आम्ही तो बाहुलीचा पाळणा करायचो. आणि सकाळी सकाळी भारद्वाज दिसला की आई म्हणायची आज काहीतरी चांगलं होणार.

मी माझ्या नातवाला हेच सांगते. तो चार वर्षांचा आहे. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं ऐकून ऐकून त्याने मला विचारलं, आजी खरी चिऊ मेण कुठून आणते? मग त्याला खरं घरटं दाखवायला नको का? आमच्या जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागे चिमणीने केलंय, त्यात काय काय आहे ते आम्ही दोघांनी लांबून बघितलं. गवत, पिसं, झाडूच्या काड्या, कापूस. मेण नाही, हे त्याने सोसायटीतल्या सगळ्यांना सांगितलं.

तू सासूबाईंना पण बरोबर घे. गुडघे दुखत असले तरी खुर्ची टाकून बसता येतं. त्यांना कदाचित तुझ्यापेक्षा जास्त पक्षी माहीत असतील, फक्त त्यांची नावं पुस्तकातली नसतील.

---

मुग्धा_म

काकू, किती छान प्रतिसाद! +१

---

एडिसनची_मधुरा

न्यू जर्सीहून. आमच्याकडे डिसेंबर ते मार्च मुलाला बाहेर नेणं म्हणजे वीस मिनिटं कपडे चढवणं आणि दहा मिनिटं बाहेर. म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर दाण्यांचं भांडं टांगलंय, काळ्या सूर्यफुलाच्या बिया. कार्डिनल वर्षभर असतात, बर्फात तो लालभडक नर इतका सुंदर दिसतो, मुलगा त्याला लाल बुलबुल म्हणतो कारण तुरा आहे. ब्लू जे हा निळा पक्षी आला की बाकीचे उडतात. खारी सगळ्यात हुशार, भांडं कुठेही टांगा, पोचतातच. खिडकीच्या काचेवर मात्र बाहेरून जवळ जवळ ठिपके लावा, पक्षी काचेला आपटून मरतात, आमच्या शेजारी झालंय.

आणि सायली, मर्लिन ॲप वापरतेस का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं आहे, फुकट आहे, आवाज ऐकून नाव सांगतं. मूल कडेवर असताना हात मोकळे नसतात, तेव्हा फोन खिशात ठेवून नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. भारतातले बरेच पक्षीही ओळखतं.

---

टेकडीवाला

मर्लिनवर पूर्ण भरवसा ठेवू नका. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, दयाळही बऱ्यापैकी करतो. ॲपने नाव सांगितलं की डोळ्यांनी बघून खात्री करा, मगच यादीत टाका. आणि ॲपमधले आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावू नका, विशेषतः विणीच्या दिवसात. नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत आला, तो खाणं, पिल्लं सोडून भांडायला येतो.

---

एडिसनची_मधुरा

हो, वाजवायचं नाही, फक्त ऐकायचं. मान्य.

---

श्रुती_ठाणे

आम्ही ठाण्यात राहतो, खाडीकाठी रोहित म्हणजे फ्लेमिंगो हिवाळ्यापासून मेपर्यंत असतात. ऐरोलीला वनविभागाचं केंद्र आहे, तिथून बोटीने नेतात, भरती-ओहोटी बघून वेळ ठरते. खाडीचा हा भाग २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. पण मला वेगळंच लिहायचं होतं. मुलांना पक्षी आवडावेत म्हणून लोक गॅलरीत कबुतरांना दाणे घालतात, कृपया नका घालू. माझ्या मावशीला कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे फुप्फुसाचा आजार झाला, खोकला जाईना, धाप लागायला लागली, निदान व्हायलाच खूप वेळ गेला. घरात लहान मूल असेल तर तर नकोच.

---

दादरकर७२

कबुतरांना दाणे घालणं ही आमच्याकडची कित्येक पिढ्यांची सवय आहे, मुक्या जिवाला खाऊ घालण्यात काय चूक आहे ते कळत नाही. सगळे आजार कबुतरांमुळेच होतात का? मुंबईतला धूर, बांधकामाची धूळ यावर कोणी बोलत नाही.

---

श्रुती_ठाणे

धूर-धूळ पण वाईटच. पण मुक्या जिवावर दया असेल तर पाण्याचं भांडं ठेवा ना. दाणे घातले की फक्त कबुतरं वाढतात, चिमण्या-साळुंक्यांना जागा राहत नाही. कबुतर आयतं वाढवून आपण बाकीच्या पक्ष्यांवर दया करत नाही.

---

दादरकर७२

पाण्याचं भांडं मी पण ठेवतो. ते मान्य.

---

संपादक_मंडळ

कबुतरखान्यांवर वेगळा धागा आहे, पुढची चर्चा तिथे करावी ही विनंती.

---

पाणवठा

पाण्याच्या भांड्याचा विषय निघालाच आहे तर. मातीची उथळ परात घ्या, दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक दगड ठेवा, चिमण्यांना उभं राहता येतं. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात, लहान मुलं असलेल्या घरात डेंग्यूची भीती. हे काम मुलांना द्या. आमची साडेतीन वर्षांची मुलगी रोज सकाळी दात घासल्यावर पहिलं ते पाणी बदलते, अर्धं अंगावर सांडतं, चालतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी आमच्या परातीवर बुलबुल, दयाळ, चष्मेवाले अंघोळीला येतात. चष्मेवाला म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला छोटा हिरवट पिवळा पक्षी. मुलीचा सगळ्यात आवडता तोच, कारण आजोबांना चष्मा आहे.

---

गॅलरीतला_बुलबुल

आमच्या गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं होतं. तीन अंडी. साधारण बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर आली आणि पुढे तेवढ्याच दिवसांत उडून गेली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. सगळ्यात कठीण काम होतं ते घरट्याला हात न लावणं आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला "फोटो नको, लांबून बघा" सांगणं. माझ्या दिराने तर खुर्चीवर उभं राहून मोबाईल थेट घरट्यावर धरला होता, मुलगाच ओरडला, "काका, बुलबुल घाबरली!" सारखं जवळ गेलं की आई-बाप अंड्यांवर बसत नाहीत, कधी घरटंच सोडून देतात, आणि आपण कुठे जातो ते बघून कावळेही येतात.

मिहीरचा बाबा, तुम्ही म्हणता मूल बरोबर असताना आपण पक्षी बघत नाही. मी त्या महिन्याभरात जे बघितलं ते एकटा असताना कधीच बघितलं नव्हतं. बुलबुल फळं खातो एवढंच मला माहीत होतं. पिल्लांना सुरुवातीला नुसत्या अळ्या आणि किडे भरवतात हे मुलाने आधी टिपलं, मी नंतर.

---

मिहीरचा_बाबा

तुमचा अनुभव सुंदर आहे आणि मी तो खोडत नाही. पण घरटं तुमच्या गॅलरीत होतं, तुम्ही त्याच्याकडे गेला नव्हतात. सायलीताईंना पाणथळीवर जायचंय, मैल-मैल चालायचंय, एक चिखल्या पक्षी अर्धा तास न्याहाळायचाय. ती भूक वेगळी असते. मला तिकोन्यावर जायची असते तशी. ती भूक सोसायटीच्या उंबरावर भागवा असं कोणी मला सांगितलं तर मला नाही पटणार, त्यांनाही पटत नाहीये हे त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. म्हणून माझं म्हणणं, दोन्ही करा पण वेगवेगळं करा. मुलीबरोबर पाषाण. आणि वर्षातून चार वेळा तरी, नवरा बोटीवर असला तरी, बहिणीला, मैत्रिणीला, कोणालाही सांगून मुलगी तिथे सोडा आणि एकट्या भिगवणला जा. त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

---

केतकी_नाशिक

मिहीरचा बाबा, यावेळी पूर्ण सहमत.

आम्ही नाशिककर, आम्हाला नांदूरमध्यमेश्वर जवळ आहे. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेली. चापडगावच्या बाजूने गेलात तर निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक मुलं गाईड म्हणून येतात, त्यांच्याकडे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते. ही मोठी दुर्बीण लहान मुलांना फार सोपी, कारण गाईड पक्षी पकडून ठेवतो, मुलाने फक्त डोळा लावायचा. माझ्या मुलीने वयाच्या तिसऱ्या वर्षी चमच्या पक्षी असा बघितला, त्याची चोच बघून तिला इतकं हसू आलं की दिवसभर ती चमच्याने तसं करून दाखवत होती. पुण्याहून एका दिवसात फार ओढाताण होईल, नाशिकला मुक्काम करून या. डिसेंबर, जानेवारी सगळ्यात चांगले.

---

उजनीकाठचा

मी इंदापूर तालुक्यातला. भिगवणबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लोक ज्याला भिगवण म्हणतात ते म्हणजे उजनी धरणाचं मागचं पाणी, भीमा नदीचं. धरण १९८० ला पूर्ण झालं, त्यात बरीच गावं गेली, आमच्या आजोबांची जमीन पण गेली. आता त्याच पाण्यावर आमची पोरं मासेमारी करतात आणि हिवाळ्यात पक्षी दाखवतात. पुण्यापासून शंभर-एक किलोमीटर. कुंभारगाव आणि डिकसळ इथून होड्या निघतात. रोहित पाणी ओसरून चिखल उघडा पडला की येतात, म्हणून पाऊस जास्त झालेल्या वर्षी उशिरा येतात. नोव्हेंबरातच या आणि दिसले नाहीत म्हणून परत जा असं करू नका, आधी फोन करून विचारा. चक्रवाक, चित्रबलाक, सुरय, शेकाटे हे असतातच.

लहान लेकराला घेऊन येणार असाल तर हे पाळा. आदल्या रात्री मुक्कामाला या, पहाटे चारला उठवून पुण्याहून आणलेलं लेकरू होडीत झोपतं किंवा रडतं. लाईफ जॅकेट मागून घ्या, लहान मापाचं आहे का ते आधी विचारा, नसेल तर स्वतःचं आणा. होडीवर छप्पर नसतं, नऊनंतर पाण्यावरून ऊन चमकतं, टोपी पाहिजेच. तासभर पुरे. आणि नावाड्याला "जवळ घे, थवा उडव, फोटो हवाय" असं म्हणू नका. पाहुणे म्हणतात म्हणून आमची पोरं करतात, पण दिवसातून पंधरा वेळा उडवलं तर पक्षी खाणार कधी? लांबूनही ते गुलाबी पंख दिसतात.

जेवायला चिलापी फ्राय आहे, शाकाहारी लोकांना पिठलं-भाकरी, वांग्याची भाजी. लेकराला बिनतिखट सांगितलं तर करून देतात.

---

सायली_कोथरूड

उजनीकाठचा, याच माहितीची गरज होती. मनापासून आभार. थवा उडवण्याचं मी पण बघितलंय आणि फार त्रास होतो.

---

डबेवाली

सहलीच्या डब्याबद्दल कोणी बोलतच नाही! आमच्याकडे ठरलेलं, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि गुळाचा खडा, दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतात आणि हात चिकट होत नाहीत. केळी नेऊ नका, मुलं चुरगाळतात. आणि कुरकुऱ्यांची पाकिटं तर अजिबात नको, एक तर त्या पाकिटाचा आवाज, दुसरं म्हणजे कवडी पाटला नदीत तीच पाकिटं अडकलेली दिसतात.

---

हडपसरची_स्नेहल

कवडी पाटबद्दल पुढे लिहिते, मी जवळ राहते. हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, सोलापूर रस्त्यावरून आत. मुळा-मुठेचं पाणी शहरातून येतं, वास येतो, फेस असतो, बंधाऱ्यात कचरा अडकतो. तरी पक्षी येतात, चक्रवाकांच्या जोड्या, शेकाटे, धोबी, नदी सुरय, आणि हिवाळ्यात सकाळी धुक्यात फोटोग्राफर रांगेने. लहान मुलाला पाण्याजवळ नेऊ नका, हात घातला की तोंडात जातोच. मी मुलाला गाडीतूनच दाखवते, काच खाली करून. गाडी हीच लपण झाली, पक्षी गाडीला फारसे बुजत नाहीत, माणूस खाली उतरला की उडतात.

---

मुग्धा_म

गाडीतून बघायची कल्पना फारच आवडली. झोपलं तर झोपलं.

एक विचारू का? माझ्या सासऱ्यांना नातवासाठी पोपट आणायचाय पिंजऱ्यातला. मला नको वाटतंय पण कसं सांगू कळत नाही.

---

टेकडीवाला

सरळ सांगा की गुन्हा आहे. आपले पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. पिल्लं ढोलीतून काढून आणतात, वाटेत बरीच मरतात.

---

अनुराधा_काकू

मुग्धा, सासऱ्यांना सांग की नातवाला घेऊन संध्याकाळी एखाद्या मोठ्या झाडाखाली बसा, पोपटांचे थवेच्या थवे रात्रीच्या वस्तीला येतात. आजोबांना नातवाबरोबर काहीतरी हवंय, पोपटच हवाय असं नाही.

---

पणजीची_वैदेही

गोव्याला सुट्टीला येणाऱ्यांसाठी : मुलांना घेऊन किनाऱ्यावरच बसू नका, रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर या. तिथे सालिम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतून जाणारी वाट. मुलांना फेरीबोट, खेकडे आणि चिखलात उड्या मारणारे मासे आवडतात, पक्षी बोनस. डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

---

सायली_कोथरूड

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आता माझं काय ठरलं ते लिहिते.

मिहीरचा बाबा, तुमचा उरलेला निम्मा मुद्दाही घेतला. जानेवारीत भिगवणला मी एकटी जाणार, मुलगी दोन दिवस माझ्या बहिणीकडे. बहिणीला विचारलं, ती म्हणाली "एवढंच ना, आण." मुलीला पुढच्या वर्षी नेईन, मुक्काम करून, तिच्या मापाचं जॅकेट घेऊन.

तिच्याबरोबर पाषाण आणि विद्यापीठ. काकू, सासूबाईंना कालच उंबराखाली खुर्ची टाकून बसवलं. त्यांनी होल्याचा आवाज ओळखला, त्यांच्या कोकणातल्या घरामागे असायचा म्हणे, आणि मग लेकीला बेडकीच्या, खेकड्याच्या गोष्टीच सुरू झाल्या, पक्षी राहिले बाजूला. तरीही मुलगी आता आधी आजीला उठवायला जाते.

आणखी एक. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजतात, कुठूनही, अगदी गॅलरीतूनही, किमान पंधरा मिनिटं बसून जे दिसेल ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं. पंधरा मिनिटं लहान मुलांना झेपतात. पुण्यातल्या मंडळींनी मुलांना घेऊन पाषाणला एकत्र जमायचं का फेब्रुवारीत? मोजणी मोठ्यांनी करायची, मुलांनी बोट दाखवायचं.

---

मुग्धा_म

मी नक्की. सासऱ्यांना पण आणते.

---

जेसीबीची_आई

आम्ही येऊ. तलावातली जलपर्णी काढायचं मशीन चालू असेल का त्या दिवशी?

---

टेकडीवाला

मशीनचं माहीत नाही, चौकशी करतो :) सकाळी सात, बंधाऱ्याच्या बाजूला. मुलांना भडक लाल किंवा पांढरे कपडे नकोत, मातकट किंवा हिरवे घाला. मोठी दुर्बीण आणि स्टँड मी आणतो, पण स्टँडची उंची मुलांना जास्त होते, कोणाकडे घडीचं स्टूल असेल तर आणा.

---

लेन्सवाला

स्टूल आहे माझ्याकडे, दोन आणतो. पुठ्ठ्याच्या नळकांड्या आणि सुतळीही आणतो, मुलं तिथेच करतील.

---

मिहीरचा_बाबा

तो रविवार माझ्या बायकोचा आहे, म्हणजे मिहीर माझ्याकडे. येतो आम्ही दोघं. डबेवाली ताई, पुऱ्या किती लोकांच्या कराव्यात?